ऊन कधी येतं इथं?

डिसेंबरातली सकाळ. भूतानची राजधानी थिंफू. तिथल्या क्लॉक टॉवरपासून दोन मिनिटांवरचं एक हॉटेल, आणि त्याच्या स्वागतकक्षात बाहेर पडायच्या तयारीतला महाराष्ट्रातला एक गट. कुणी बुटांच्या नाड्या बांधतंय, कुणी थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतंय, कुणी लाडवांचा डबा पिशवीत नीट बसवतंय. त्यांच्यात एक आजी. साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, कानटोपी, पायात दोन-दोन मोजे आणि त्यावर सँडल. सगळ्यांची लगबग चालू असताना त्या हळूच काउंटरपाशी गेल्या आणि तिथल्या किरा, म्हणजे भूतानी बायकांचा पोशाख, नेसलेल्या मुलीला म्हणाल्या, "बेटा, इधर धूप कब आती है?" मुलगी क्षणभर थांबली. तिने दाराबाहेर, समोरच्या इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऊपर के फ्लोर में आती है, आंटी. दस बजे के बाद." आजींची खोली पहिल्या मजल्यावर होती, आणि दहा वाजता त्या बुद्धमूर्तीच्या डोंगरावर असणार होत्या. "आई, चला, गाडी आलीये," सून दारातून म्हणाली, "ऊन वर भरपूर असेल." आजी निघाल्या. जाताना त्यांनी काउंटरच्या लाकडावर तळहात टेकवून पाहिला, लाकूड तरी कोमट आहे का ते बघावं तसा.

तो प्रश्न मनातून जाईना, कारण हॉटेल वाईट नव्हतं. स्वच्छ होतं, माणसं अदबीची होती, चादरी कोऱ्या करकरीत होत्या. बुकिंग करताना आपण जे जे बघतो ते सगळं तिथे होतं: शहराच्या मधोमध, बाजार दाराशी, नाश्ता भाड्यात धरलेला. थिंफू म्हणजे लाख-सव्वा लाख वस्तीची राजधानी, एकही ट्रॅफिक सिग्नल नसलेली. नोरझिन लाम या मुख्य रस्त्यावरच्या चौकात रंगीत छत्रीवजा खोपटात उभा असलेला पोलीस हातांच्या खुणांनी वाहतूक चालवतो. एवढ्याशा गावात कुठेही उतरलं तरी काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. नकाशावर सगळंच दोन-तीन किलोमीटरच्या आत दिसतं. पण चढ, सावली, आवाज आणि गरम पाणी या चार गोष्टी नकाशावर नसतात, आणि थिंफूतला मुक्काम चांगला गेला की वाईट हे त्याच चार गोष्टी ठरवतात. मोठ्या राजधानीत वेळ रस्त्यावर जातो, म्हणून तिथे मध्यवर्ती खोलीला किंमत मोजावी. इथे मध्यवर्ती राहून वाचतात ती दहा-पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यासाठी रात्रीची झोप आणि सकाळचं ऊन हातचं जातं.

आधी उन्हाचं बघू. थिंफूचं खोरं साधारण उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. तळातून वांग छू दक्षिणेकडे वाहते, आणि शहराचा मोठा भाग नदीच्या पश्चिमेला, चढत जाणाऱ्या उतारावर वसला आहे. दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने उगवती आणि मावळती दोन्ही कापली जातात. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो खरा, पण तो पंचांगातला सूर्योदय. पूर्वेची रांग ओलांडून ऊन खाली उतरायला बराच वेळ घेतं, आणि उतरतं तेही क्रमाने: आधी पश्चिमेच्या डोंगराचा माथा सोनेरी होतो, मग उतारावरची घरं, आणि सगळ्यात शेवटी तळातल्या गल्ल्या. म्हणजे वर मोतिथांगमधल्या गच्चीवर माणसं उन्हात चहा घेत असतात तेव्हा क्लॉक टॉवरच्या आसपास अजून तोंडातून वाफा निघत असतात. दुपारी याच्या उलट घडतं. पश्चिम उताराच्या पाठीशी डोंगर असल्याने तिथली घरं लवकर सावलीत जातात आणि नदीपलीकडच्या पूर्वेकडच्या वस्तीवर ऊन रेंगाळतं. दिवसभर बाहेर भटकणाऱ्याला सकाळचं ऊन उपयोगाचं. खोलीत बसून राहणाऱ्याला, आजारी माणसाला, लहान मूल असलेल्या आईला दुपारचं.

याहून महत्त्वाची खिडकीची दिशा. थिंफूच्या अक्षांशावर डिसेंबरातल्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३९ अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तो तिरका आत शिरतो, पलंगापर्यंत पोचतो, लाकडी जमीन तापवतो. जूनमध्ये तोच सूर्य ८६ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात त्रास देत नाही. उत्तरेच्या खिडकीला हिवाळाभर ऊन शिवत नाही. दरी दिसते म्हणून उत्तरेची खोली जास्त भाड्याने घेणारे लोक आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत, तापमान रात्री शून्याखाली जात असताना, हा सौदा तोट्याचा आहे. दरी गच्चीवरूनही दिसते.

आणि समोर काय आहे ते बघायला हवं. ३९ अंशांवरच्या सूर्याचा हिशोब सोपा आहे: समोरची इमारत तुमच्या खिडकीपेक्षा जितकी उंच, त्याच्या सव्वापट लांब तिची सावली. दक्षिणेला आठ मीटर रुंद गल्ली आणि पलीकडे पाच मजली इमारत असेल, तर खालच्या दोन-तीन मजल्यांना भर दुपारीही ऊन मिळत नाही. आजींच्या हॉटेलचं हेच झालं होतं.

आता आवाज. क्लॉक टॉवरचा चौक देखणा आहे, चारी तोंडांचं घड्याळ, कारंजं, प्रार्थनाचक्रं, बसायला पायऱ्या. पण तीच गावाची सभेची, गाण्याची, जत्रेची जागा आहे. कार्यक्रम असला की ध्वनिक्षेपकाची दिशा नेमकी हॉटेलांकडे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री आसपासच्या गल्ल्यांतले कॅराओके उशिरापर्यंत चालतात आणि एकेरी काचेच्या लाकडी खिडक्यांतून तो आवाज सरळ आत येतो. ते बंद झालं की कुत्री. थिंफूच्या कुत्र्यांबद्दल कुणी आधी सांगत नाही. दिवसभर ती रस्त्याच्या मधोमध, दुकानांच्या पायऱ्यांवर निवांत झोपलेली असतात, गाड्या त्यांना वळसा घालून जातात, आणि ते दृश्य बघून मन हळवं होतं. रात्री दहा-अकरानंतर रहदारी थांबते आणि रस्ते त्यांचे होतात. एका टोकाला एक भुंकतं, दुसऱ्या टोळीचं उत्तर येतं, आणि खोरं असल्यामुळे आवाज दोन्ही डोंगरांवर आपटून परत येतो. २०२३ मध्ये भूतानने देशातल्या भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण पूर्ण केल्याचं जाहीर केलं. तेव्हा संख्या काळाबरोबर घटेल. पण आज जी आहेत ती रात्री जागतात, आणि त्यांना खाऊ घालणारी, न हाकलणारी माणसं हे या गावाचं मोठेपण आहे हेही तितकंच खरं. उपाय आपल्याकडे आहेत: रस्त्याकडची खोली टाळायची, खानावळींची मागची बाजू आणि कचरा गोळा करायची जागा खिडकीखाली नाही ना ते विचारायचं, तिसऱ्या मजल्याच्या वर जायचं, आणि कानात घालायचे स्पंजचे बोळे सोबत ठेवायचे. बोळे दहाच्या आत घालून झोपावं. एकदा कुत्र्यांनी जागं केलं की मग ते घालून फारसा उपयोग होत नाही.

मध्यवर्ती भागात उतरूच नये असं मात्र नाही.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, ऊन कुठेच फारसं नसतं. तेव्हा कोरडं राहणं महत्त्वाचं ठरतं आणि नोरझिन लाम किंवा चांग लामवरची खोली सोयीची पडते. छत्री घेऊन दोन पावलांत जेवायला जाता येतं, चढावरच्या ओल्या पायऱ्या टळतात. इथली स्वयंपाकघरं लवकर थंडावतात. रात्री नऊनंतर जेवण मिळेल का हे विचारूनच जावं लागतं, आणि टॅक्सीही त्या सुमारास विरळ होतात. ज्यांना चालणं जमत नाही किंवा ज्यांच्यासोबत दिवसभर गाडी नाही, त्यांनी बाजारपेठेजवळ राहावं. फक्त चौकाला लागून नको. क्लॉक टॉवरपासून उत्तरेला चुबाचूच्या बाजूला सरकलं की आवाज उतरतो आणि बाजार पायाखाली राहतो.

वर, मोतिथांगच्या बाजूला, देवदार-पाइनच्या झाडीत बंगले आणि शांत हॉटेलं आहेत. हवेत पहाटे धुपाचा, ओल्या लाकडाचा वास असतो. सकाळी ऊन आधी तिथे. पण बाजारापासून चढ दोन-अडीच किलोमीटरचा, आणि समुद्रसपाटीपासून उंची सव्वादोन हजार मीटरच्या वर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश उरतो. धडधाकट माणसाला खाली उतरताना काही कळत नाही, परतीच्या चढावर मात्र बोलणं बंद होतं. तिथे राहायचं तर दिवसभराची गाडी हवी, रात्रीचं जेवण हॉटेलातच घ्यायची तयारी हवी, आणि ते संध्याकाळी सहाच्या आत सांगून ठेवायला हवं, कारण छोट्या हॉटेलात माणसं मोजूनच भात शिजतो. शाकाहारी असाल तर हे आणखी आवर्जून सांगावं. एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या, शाकाहारी असते, पण मिरची तिथे भाजी म्हणून खाल्ली जाते, आणि "कम तीखा" हे शब्द स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी पोचले तरच कामाचे.

दक्षिणेला ओलाखा आणि बाबेसा. इमारती नव्या, लिफ्ट असण्याची शक्यता जास्त, भाडं कमी, गाडी लावायला जागा. ओलाख्यात वाहन दुरुस्तीच्या शेडांची रांग आहे, तिच्या शेजारचं टाळावं. शेजारचा भूखंड रिकामा असेल तर बांधकाम चालू आहे का तेही विचारावं, कारण सकाळी काँक्रीटचं यंत्र सुरू झालं की सुट्टी संपली. या भागाचा खरा फायदा निघायच्या दिवशी कळतो. पारो, पुनाखा आणि भारताच्या सीमेवरचं फुंटशोलिंग या तिन्ही ठिकाणांचे रस्ते शहराच्या याच टोकाने बाहेर पडतात. पहाटे निघायचं असेल तर अख्खं शहर ओलांडावं लागत नाही. उत्तरेला ताबा आणि देचेनचोलिंगकडे झाडी आहे, नदीचा आवाज आहे, आणि गावापासून तुटलेपणही आहे. दोन रात्रींसाठी येणाऱ्याने तिकडे जाऊ नये. आठवडाभर राहणाऱ्याने जरूर जावं.

थंडीच्या दिवसांत, घरातली वडीलधारी माणसं सोबत असताना, सगळ्यांत चांगली जागा म्हणजे मेमोरियल चोर्तेन या स्मारक-स्तूपाच्या आसपासचा पट्टा. बाजारापासून पंधरा मिनिटांवर, फार चढ नाही, मोठं रुग्णालय जवळ, आणि चोर्तेनचं आवार मोकळं असल्यामुळे ऊन अडवणाऱ्या इमारती कमी. या पट्ट्याला दर्शनी नाव नाही. बुकिंगच्या यादीत तो 'मध्यापासून थोडा दूर' म्हणून खाली ढकलला जातो, आणि लोक त्याच्यावरून बोट पुढे सरकवतात.

खोलीच्या आत आलं की पहिला प्रश्न गरम पाण्याचा, आणि इथे थोडं गणित करावं. साध्या हॉटेलांत बहुधा प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र गीझर असतो. तो १५ लिटरचा आणि दोन किलोवॅटचा धरू. नळाला येणारं पाणी हिवाळ्यात १० अंशांच्या आसपास. ते ६० अंशांपर्यंत तापायला २६ मिनिटं लागतात. त्या १५ लिटरांत गार पाणी मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं केलं की होतं २५ लिटर, म्हणजे एक भरलेली बादली आणि वर चार-पाच तांबे. एका माणसाची आंघोळ. चौघांचं कुटुंब एका खोलीत असेल तर शेवटच्या माणसाचा नंबर लागेपर्यंत पाऊण-एक तास नव्हे, जवळजवळ दोन तास जातात. आठला निघायचं असेल तर सहाला पहिली बादली भरायला हवी. शॉवरखाली उभं राहिलं तर तेच पाणी तीन-चार मिनिटांत संपतं आणि मग 'गरम पाणी येत नाही' अशी तक्रार होते. गीझर बिघडलेला नसतो, लहान असतो. म्हणून बादली-तांब्या मागावा, आणि निम्म्या मंडळींनी आंघोळ रात्रीच उरकावी.

हीटरचंही तसंच. दोन किलोवॅटचा तेलाचा हीटर गारठलेली खोली तापवायला अर्धा-पाऊण तास घेतो, कारण त्याला आधी हवा नव्हे, भिंती आणि गाद्या तापवाव्या लागतात. ताशीछो झोंग, म्हणजे सरकारी कचेऱ्या आणि मठ एकत्र असलेला किल्ला, कामाच्या दिवशी पर्यटकांना कचेऱ्या सुटल्यावरच बघता येतो. म्हणजे तिथून परतेपर्यंत अंधार आणि बोचरी थंडी, हात खिशातून काढवत नाहीत. निघण्यापूर्वी हॉटेलात फोन करून हीटर लावायला सांगितलं तर दार उघडल्यावर खोली माणसात आलेली असते. आल्यावर मात्र सगळी मंडळी एकदम सगळं लावतात: हीटर, गीझर, आणि चहाची किटली. दोन, दोन आणि दीड, मिळून साडेपाच किलोवॅट, म्हणजे २४ अँपिअरच्या आसपास. खोलीचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर तो काही मिनिटांत पडतो. अंधारात जिना उतरून खाली जायचं, माणूस शोधायचा, तोवर आजी-आजोबा पांघरुणात. एका वेळी दोनच उपकरणं, एवढा नियम पाळला की हे टळतं. काही हॉटेलं हीटरचे वेगळे पैसे लावतात. ते आधीच विचारून घ्यावं. हीटर रात्रभर चालला तर हवा इतकी कोरडी होते की पहाटे घसा खरखरतो. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी ठेवावं, किंवा ओला टॉवेल खुर्चीवर टाकावा.

मजल्यांचा एक घोळ डोंगरातल्या सगळ्याच गावांत असतो आणि थिंफूतही आहे. हॉटेलचं दार वरच्या रस्त्यावर असतं आणि खोल्या उतारावर खाली-खाली जातात. कागदावर 'पहिला मजला', प्रत्यक्षात स्वागतकक्षाच्या दोन जिने खाली. अशा खोलीची मागची भिंत मातीला टेकलेली असते. तिथे ओल असते, बुरशीचा वास असतो, आणि खिडकी एकाच बाजूला. याउलट लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत चौथा मजला मिळाला तर उन्हाची चंगळ, पण गुडघे दुखणाऱ्याला प्रत्येक फेरी शिक्षेसारखी वाटते. लाकडी जमीन असेल तर वरच्या मजल्यावरच्या माणसाचं प्रत्येक पाऊल खाली ऐकू येतं. पहाटे पाचला वरचा कुणी बॅग ओढू लागला की खालची खोली जागी होते. सगळ्यात वरचा मजला हा त्यावरचा एकमेव उपाय.

हे सगळं विचारायला फोन करावा. ईमेलवर उत्तर येतं ते 'येस मॅडम, ऑल फॅसिलिटी' असं. फोनवर हिंदी चालतं, माणसं बोलतात, खरं सांगतात. "खिडकी कुठल्या दिशेला? समोर काय आहे? ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं? स्वागतकक्षापासून खोली वर की खाली, किती पायऱ्या? गीझर किती लिटरचा?" शेवटच्या प्रश्नाला कुणी फोन धरून ठेवायला सांगून बघून येतं. असं बघून येणाऱ्या माणसाच्या हॉटेलात उतरावं, एवढं नक्की सांगता येईल. आणि घड्याळ विसरू नये. भूतान आपल्या अर्धा तास पुढे. गाडी आठला म्हणजे आपल्या हातावरच्या घड्याळात साडेसात.

किती रात्री राहायचं, हा खरं तर कुठे राहायचं याचाच भाग. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना माणशी, दर रात्री, १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. चार मोठ्या माणसांच्या पाच रात्रींचे २४,००० रुपये हॉटेलच्या भाड्याआधीच जातात. पैसे मोजून जंगल आणि नद्या राखणाऱ्या देशाबद्दल आदरच वाटतो. पण त्याच शुल्कामुळे लोक दिवस पिळून घेतात. आठला बाहेर, सहाला आत, खोली फक्त झोपायला. मग खोली कुठेही चालेल असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त थंडीचे तास नेमके त्या खोलीत जातात. एखादं ठिकाण वगळून दुपारचे दोन तास खोलीवर यावं, खिडकीतल्या उन्हात पाय पसरावेत, असं सुचवलं की लोक पैशांचा हिशोब सांगतात. तो हिशोब चुकीचा नाही. पण सत्तरीच्या माणसासाठी तो हिशोब जरा वेगळा मांडावा लागतो.

रात्रींची वाटणी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थिंफूला विमानतळ नाही. तो पारोला, पन्नासएक किलोमीटरवर, दीड तासाच्या घाटरस्त्याने. पारोची विमानं फक्त उजेडात उडतात, त्यामुळे उड्डाण बरेचदा सकाळचं असतं. विमानाने परतणाऱ्याने शेवटची रात्र पारोत काढावी, म्हणजे काळोखात, गोठलेल्या काचा पुसत निघावं लागत नाही. रस्त्याने फुंटशोलिंगला उतरणाऱ्याने ती बाबेसाच्या बाजूला काढावी. आणि तिकडून चढून येताना, तीनशे मीटरवरून सव्वादोन हजारांवर एकाच दिवसात आल्यावर, पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप तुटक लागणं साहजिक आहे. ती रात्र आवाजाच्या ठिकाणी नको. दुसरी गोष्ट पुनाख्याची. ते थिंफूपेक्षा हजारभर मीटर खाली आहे, तिथे डिसेंबरातही दुपारी स्वेटर काढावासा वाटतो. १९५५ पर्यंत राजधानी तिथेच होती. आजही हिवाळा आला की 'जे खेंपो', म्हणजे देशाचे प्रमुख धर्मगुरू, आणि मध्यवर्ती भिक्षुसंघ थिंफूचा मुक्काम हलवून पुनाख्याच्या झोंगमध्ये जातात आणि ऊन तापलं की परत येतात. कुठे राहावं हा प्रश्न या देशाने शतकानुशतकं ऋतू बघून सोडवला आहे. आपल्या सहलींच्या पत्रकात मात्र बारा महिने एकच वाटणी छापलेली असते: थिंफू दोन, पुनाखा एक, पारो दोन. डिसेंबर-जानेवारीत ती थिंफू एक, पुनाखा दोन, पारो दोन अशी करून मागावी. सांगितलं तर बदलून मिळते, फक्त परवान्याचे कागद होण्याआधी सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी तो गट पुनाख्याला निघाला. वाटेत मेमोरियल चोर्तेनपाशी गाडी पंधरा मिनिटं थांबली. साडेनऊ झाले असतील. आवार उन्हाने भरलं होतं. प्रार्थनाचक्रांच्या घंटा किणकिणत होत्या, पारवे उडून पुन्हा बसत होते, आणि भिंतीला टेकून म्हाताऱ्या भूतानी बायका बसल्या होत्या, हातात जपमाळ, पायाशी थर्मास. काही जणी प्रदक्षिणा घालून येत, बसत, पुन्हा उठत. आजींनी एक प्रदक्षिणा घातली आणि त्यांच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीजवळच्या एकीने न बोलता आपली चटई थोडी सरकवली. आजी बसल्या, सँडल काढल्या, मोज्यांचा वरचा जोडही काढला. सून फोटो काढून आली आणि म्हणाली, "आई, पाच मिनिटं हं." शेजारच्या बाईंनी थर्मासचं झाकण भरून आजींपुढे धरलं, त्यातून वाफ निघत होती. दोन रात्री आजी इथून पंधरा मिनिटांवर झोपल्या होत्या.